गाडी आयकून राह्यली

वाळके सरांच्या गाडीत बोलायला मनाई आहे. अगदी तोंड शिवून बसायचं असं नाही. "ऊन फार आहे", "खिडकी लावा", "पाणी आहे का" एवढं चालतं. पण कोणाचं नाव घेऊन काही बोलायचं झालं, की सर स्टीअरिंगवरचा एक हात उचलतात आणि म्हणतात, "इथी नाई. खाली." मग गाडी रस्त्याच्या कडेला लागते. आम्ही तिघं उतरतो, सागाच्या झाडांपर्यंत चालत जातो, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याबद्दल पोटभर बोलून घेतो आणि परत येऊन बसतो. सर पट्टा लावतात आणि मोठ्यानं म्हणतात, "तं मंग, ऊन लई आहे आज."

हे शेवटचं वाक्य गाडीला ऐकवण्यासाठी असतं.

आम्ही तिघं म्हणजे वाळके सर, मडावी सर आणि मी. गडचिरोलीहून धानोरा रस्त्यानं जंगलातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रोज जातो. आधी सरांची जुनी गाडी होती तेव्हा त्यांच्या तोंडाला काही धरबंध नव्हता. शिक्षणाधिकाऱ्यापासून शाळेतल्या खिचडीपर्यंत सगळ्यांचा उद्धार गाडी गावाबाहेर पडायच्या आत झालेला असायचा. मग त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, नवी गाडी घेऊन दिली. प्रज्ञा पुण्याला कॉम्प्युटरवर काम करते. एकुलती एक. तिची आई गेल्यावर बाबा एकटे राहतात, रोज जंगलातून जातात, म्हणून तिनं सगळ्या सोयींची गाडी निवडली. नेमका तिथंच घोळ झाला.

शोरूममधल्या सेल्समननं सरांना एकेक सोय सांगितली. पट्टा नाही लावला तर गाडी ओरडते. वेग वाढला तर ओरडते. समोर छोटा कॅमेरा आहे, तो तुमचे डोळे बघतो, झापड आली की सांगतो. गाडी कुठं गेली, कुठं थांबली, पुढचं कोणतं दार उघडलं, पुढच्या कोणत्या सीटचा पट्टा सुटला, सगळं मुलीच्या मोबाईलवर दिसतं. आणि वर एक माईक आहे, अडचणीत सापडलात तर नुसतं बोला.

सरांनी विचारलं, "आन अडचणीत नाई सापडलो तं? तवा थो माईक काय करते?"

सेल्समननं हातातलं माहितीपत्रक उलटून पाहिलं. "सर, हे कंपनीकडूनच येते. नवीन गाड्याईत सगळ्यात असते," म्हणाला. "काढता येत नाई."

"माह्या घराले कुलूप आहे, डब्याले झाकण आहे," सर आम्हाला पहिल्या दिवशी सागाखाली उभं करून म्हणाले, "आन गाडीले कान! आज पट्ट्याची शिटी सक्तीची केली. उद्या डोळा सक्तीचा करतीन. परवा म्हणतीन, वाळके, तुमच्या मनात काय चालू आहे थे पण या भोकात बोला."

त्या दिवसापासून गाडीचं नाव 'केंद्रप्रमुख' पडलं. आमच्या खात्यात केंद्रप्रमुख म्हणजे शाळाशाळांवर फिरून तपासणी करणारा साहेब. तो वर्गात मागच्या बाकावर बसला, की चांगला शिकवणारा माणूससुद्धा फळ्यावर चुका करतो. "जपून बोला, केंद्रप्रमुख बसले आहेत," सर दारातच बजावायचे. एकदा मडावी सरांनी घरच्या तांदळाचं पोतं मागच्या सीटवर ठेवलं. केंद्रप्रमुखांना तो बिनपट्ट्याचा प्रवासी वाटला. गाडी किंचाळायला लागली, थांबेचना. शेवटी पोत्याला पट्टा बांधला, तेव्हा शांत झाली. सर म्हणाले, "पायलं? पोत्याची पण हजेरी लागली."

सर्वांत मोठी अडचण सरांच्या डोळ्यांची. त्यांचे डोळे जन्मापासून बारीक आणि अर्धे मिटलेले. हसले की पूर्णच मिटतात. त्यामुळे सर जरा खुशीत आले, की गाडीतली बाई हिंदीत म्हणायची, "आप थके हुए लग रहे हैं, कृपया विश्राम करें." सर दचकून डोळे वटारायचे. "अवो बाई, जागाच आहो मी!" मग पुढचे काही किलोमीटर सर घुबडासारखे डोळे ताणून गाडी चालवायचे आणि मी न हसता बसायचा प्रयत्न करायची. सरांना हसू येईल असं काही गाडीत बोलायचं नाही, हा मग दुसरा नियम झाला.

आमच्या रस्त्यावर वाघ आहेत. ही काही शोभेची गोष्ट नाही. सकाळी मोटरसायकलनं जाणाऱ्या लोकांना ते दिसतात. एका सकाळी आम्ही सागाखाली उभे राहून मुख्याध्यापकांच्या रजेबद्दल बोलत असताना वनरक्षक आला. गाडी उभी करून ओरडलाच, "ओ सर! इथी वाघीण फिरून राह्यली पिल्लं घेऊन, आन तुमी जंगलात उभे राहून गोष्टी करून राह्यले? गाडीत बसून बोलता येत नाई?"

"नाई ना बावा," सर म्हणाले. "वाघीण आयकून कोणाले सांगते?"

आम्ही हे शाळेत सांगून खूप हसवलं लोकांना. सरांच्या देखतच. तेही हसायचे, डोळे मिटून.

मग प्रज्ञाचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते. तिनं इकडचं तिकडचं विचारलं आणि म्हणाली, "काकू, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"बाबांची गाडी रोज जंगलात थांबते. दहा-पंधरा मिनिटं. बाबांचं दार उघडतं, आणि पुढच्या सीटवरचा पट्टा सुटतो. मग परत लागतो. पुढच्या सीटवर तुम्ही बसता ना?"

माझ्या लक्षात यायला एक पोळी करपावी लागली. मी बावन्न वर्षांची आहे. मला दोन मुलगे, एक सून आणि मधुमेह आहे. जंगलात माझ्याकडून काही घडत असेल तर ते मुख्याध्यापकांची निंदा, एवढंच. तरीही माझे कान तापले. काही केलेलं नसताना अशी लाज वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, ती इतकी हसली की रडायलाच लागली, दहा वेळा माफी मागितली. पण दुसऱ्या दिवसापासून मी मागं बसायला लागले. मडावी सरांना मी खरं काय ते सांगितलं होतं; ते पुढं बसण्याआधी माझ्या कानाशी म्हणाले, "आता माहं नाव खराब होते काय?"

वाळके सरांना मात्र मी कारण सांगितलं नाही. गुडघे दुखतात म्हणाले. उतरून बोलायलाही मला नको वाटू लागलं. गाडीचं दार उघडलं की पुण्यात कोणाला तरी कळतं, हे एकदा समजलं, की उतरताना पाय आपोआप अवघडतात. सर इतके दिवस विनोद म्हणून जे सांगत होते, ते मला तेव्हा कळायला लागलं होतं.

प्रज्ञाचा दुसरा फोन आला तेव्हा ती हसत नव्हती.

"काकू, दर शनिवारी दुपारी गाडी नदीपलीकडे जाते. एकाच ठिकाणी थांबते, खूप वेळ. नकाशावर त्या जागेचं नाव येतं."

"काय नाव?"

"पाहुणचार बार अँड रेस्टॉरंट."

इथं बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा. तिथंही मध्ये काही वर्षं बंदी होती, ती उठली. त्यामुळे आमच्या गावात एखादा पुरुष "पुलापलीकडे जाऊन येतो" म्हणाला, की कशाला ते कोणी विचारत नाही. पण वाळके सर? सर सुपारीसुद्धा खात नाहीत. वर्षातून एकदा जयंतीच्या भाषणात व्यसनावर इतकं बोलतात, की मांडवातले आचारी वैतागतात.

"तुम्ही एकदा बघून याल का?" प्रज्ञा म्हणाली. "मी त्यांना विचारलं तर ते काहीतरी सांगतील. मला खरं पाहिजे."

नाही म्हणायला हवं होतं. मी जाते म्हणाले. एक तर ती रडत होती, आणि दुसरं म्हणजे मलाही बघायचं होतं. दुसरं कारण मी तिला सांगितलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. घरी जेवले आणि मडावी सरांच्या मोटरसायकलवर बसले. "बिनधास्त बोला बाई," ते म्हणाले, "माह्या गाडीले कान नाई." पण पूल येईपर्यंत दोघांनाही बोलावंसं वाटलं नाही. पाळत ठेवायला निघालेली माणसं एकमेकांशी काय बोलणार?

सरांची पांढरी गाडी बारच्या दारातच उभी होती. मडावी सर रस्त्यापलीकडे पानठेल्यावर थांबले, कारण त्यांना कोणी बारसमोर पाहिलं तर त्यांची बायको ऐकणार नव्हती. मी एकटी गेले. दाराशी उकडलेली अंडी विकणारी बाई बसली होती. तिनं मला पर्ससकट न्याहाळलं. "जा ना बाई आत, लाजता कायले? फॅमिली रूम आहे."

आत दुपारची मोजकीच माणसं होती. कोपऱ्यातल्या टेबलावर सर बसले होते. त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास आणि एक अंडं. ते अंड्याचे बारीक तुकडे करत होते, दात नसलेल्या माणसासाठी करतात तसे. समोर एक म्हातारा बसला होता. पांढरा सदरा, तेल लावून विंचरलेले केस, खांद्यावर दुपट्टा. त्याच्यासमोरच्या ग्लासात पाणी नव्हतं.

मी त्यांना ओळखलं. नदीच्या दोन्ही काठांवर त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. खोब्रागडे गुरुजी. दारूबंदीसाठी गावोगाव बायकांना घेऊन फिरलेले, मोहाच्या दारूची मडकी बायकांनी ज्यांच्या शब्दावर फोडली ते. मी तरुणपणी त्यांच्या एका मोर्चात चालले आहे. ते वाळके सरांचे सासरे. प्रज्ञाचे आबाजी. लहानपणी ती त्यांच्या खांद्यावर बसून मोर्चात असायची, हे ती अजूनही कौतुकानं सांगते.

गुरुजींनी मला पाहिलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि हळूच ग्लासावर टाकला. परीक्षेत पोर चिठ्ठीवर हात ठेवतं तसा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ये बेटा, बस. ऊन लई आहे."

मी ग्लास पाहिलाच नाही असा चेहरा केला. तो चेहरा केलेला आहे हे त्यांना दिसलं. मी बाहेर आले.

सर मागोमाग आले. मी गाडीजवळ थांबले तर त्यांनी मान हलवली आणि मला अंडीवालीच्याही पुढं, एका पडक्या टपरीच्या सावलीत नेलं.

"पोरीनं पाठवलं तुमाले?"

"हो."

"मले वाटलंच." ते माझ्याकडे बघत नव्हते. "माही बायको गेली अन दोन-चार महिन्यांत बंदी उठली. लेक पण गेली, बंदी पण गेली. हा बार त्याईच्या घरापासून पायी जायच्या वाटेवर उघडला. शनिवारी याचे, बसाचे. घरी जाता याचं नाई. एकदा नालीत पडले. तवापासून मी येतो. आदी पेऊ देतो, मंग खाऊ घालतो, घरी नेऊन निजवतो. अडवलं तं दुसरीकडं जातीन, मले सापडनार नाई."

"आणि गाडीत बोलायला मनाई का?"

"गाडीत लेकीचं नाव घेऊन रडते. बोलते कायबी. थे आयकाचं का पुण्यात बसून प्रज्ञानं? तिचा आबाजी!"

मग मला कळलं, की आमची निंदा, मुख्याध्यापकांची रजा, शिक्षणाधिकारी, यातलं काहीच कोणी ऐकू नये असं सरांना वाटत नव्हतं. ती मनाई फक्त एका प्रवाशासाठी होती. एकट्या त्यालाच गप्प बसा म्हटलं असतं, तर त्यानं कारण विचारलं असतं. म्हणून त्यांनी सगळ्यांनाच गप्प केलं आणि वरून स्वतःचं हसं करून घेतलं.

मी व्यवहाराचं विचारलं. मला तेच सुचतं. "मग ते मोबाईलवर दिसणं बंदच का करत नाही? तुमची गाडी आहे, तिला सांगा नको म्हणून."

सरांनी पायानं एक खडा बाजूला सारला. मग म्हणाले, "थे रोज सकाळी पायते, बाई. गाडी निंगाली, शाळेत पोचली. मंग फोन करते, बाबा, आज उशीर काऊन झाला? बंद केलं तं कोण विचारीन मले, उशीर काऊन झाला?"

माझ्या हातात फोन वाजला. प्रज्ञाच होती. सर माझ्या हाताकडे बघत राहिले.

"सांगा तिले," ते म्हणाले. "मीच पेतो म्हणा."

"सर, तुम्ही..."

"माह्या शब्दावर कोनं मडकं फोडलं काय? वाळके पेते म्हटलं तं गाव चार दिवस हासंल. गुरुजी पेते म्हटलं तं त्या बायाईनं कोनाकडं पाहाचं? उचला."

मी उचलला. प्रज्ञा म्हणाली, "काकू, बघितलं? बाबाच आहेत?"

"हो."

"पितात?"

सरांनी पाठ फिरवली होती. त्यांच्या सदऱ्याची मागची शिवण उसवलेली होती, आणि सोमवारी त्यांना सांगायला पाहिजे असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

"घेतात थोडी," मी म्हणाले. "मी बोलते त्यांच्याशी."

ती म्हणाली, "तुमचं नाही ऐकायचे ते. मी आबाजींना सांगते. आबाजींचं ऐकतील."

माझं "अगं, थांब" तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तिनं फोन ठेवला होता. मी सरांना सांगितलं. ते धावतच आत गेले. मी मडावी सरांच्या मागं बसून परत आले. वाटेत त्यांनी विचारलं, "काय होतं?" मी म्हणाले, "काही नाही, सर पितात." एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

रविवारी सकाळीच प्रज्ञाचा फोन. "काकू, गाडी अजून बारसमोरच उभी आहे. रात्रभर तिथंच होती. बाबा फोन उचलत नाहीत." मी तिला म्हणाले, ठीक असतील, झोपले असतील. मला काहीच माहीत नव्हतं.

सोमवारी सर बसनं शाळेत आले. डोळे नेहमीपेक्षाही बारीक. मधल्या सुट्टीत मुलांची ताटं धुऊन झाली तेव्हा नळापाशी मी त्यांना गाठलं.

"फोन आला होता गुरुजींना?"

"हाव. मी पोचलो तवा चालूच व्हता. हो बेटा, म्हणे. सांगतो त्याले, म्हणे. चांगला समजावतो. तू रडू नोको." सर ओले हात रुमालाला पुसत राहिले. "मी समोर मान खाली घालून उभा. मले समजावून राह्यले व्हते ना."

"मग?"

"फोन ठेवला. दुपट्टा काढला गिलासावरचा. गिलास माह्यापुढं सरकवला. म्हणे, घे. नाव तुहं लागलंच आहे."

"आणि तुम्ही?"

"पेलो." सर माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "तुमी माह्यासाठी पोरीशी खोटं बोलल्या. तेवढं तरी खरं करावं म्हटलं. लई कडू राह्यते, बाई. कशी पेते लोकं?"

"आणि गाडी?"

"पेऊन गाडी कशी चालवीन? थे तिथीच ठेवली. गुरुजीचा हात धरला आन पायी निंगालो. गावात शिरलो तं त्याईले काय वाटलं कोन जाने, घोषणा द्याले लागले. मोठ्यानं. 'दारूबंदी झालीच पायजे!' दिवसाढवळ्या. पाय इकडं, तोंड तिकडं."

"अरे देवा. तुम्ही त्यांना गप्प नाही केलं?"

"नाई." सरांनी रुमालाची घडी घातली. "एकटेच ओरडून राह्यले व्हते. मागून म्हणायले कोनी पायजे ना. मंग मी म्हणत गेलो मागून, 'झालीच पायजे, झालीच पायजे.' घरापर्यंत."

"लोक होते?"

"दारादारात. सगळे हासले. बाया पण."

मी नळ घट्ट बंद केला. "लाज नाही वाटली सर?"

"वाटली ना," सर म्हणाले. "पण दोघं व्हतो."